मनिलाच्या मदर इग्नासिया देल एस्पिरितु सांतो

फिलिपाईन बेटें आमच्या वसईला अगदींच परकीं नाहींत. वसईंत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांनीं फ्रान्सिस्कन संघाचा झगा मनिला शहरींच धारण केला, व तेथूनच जपानास जाऊन १५९७ सालीं नागासाकी येथें ते क्रुसावर रक्तसाक्षी झाले. त्यांची कथा आमच्या लेंकरांसही ठाऊक आहे. परंतु त्याच मनिला शहरांत त्यानंतर ८७ वर्षांनीं एका तरुण मुलीनें जें धाडस केलें, त्याची वार्ता आपल्याकडे फारशी कोणाच्या कानीं आलेली नाहीं. महोत्सवाच्या या स्मरणिकेंत तिचें अल्पचरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्या काळीं मनिला म्हणजे एकाच नांवाचीं जणूं दोन गांवें होतीं. तटबंदीच्या आंत, ज्याला इंत्रामुरोस म्हणत, तेथें स्पॅनिश सत्ताधारी, मोठमोठीं देवळें व मठ. तटाबाहेर बिनोंदो, पारियान इत्यादि वस्त्यांतून चिनी, तागालोग व मिश्र रक्ताचे लोक राहत. इग्नासियेचा बाप चीन देशांतील अमोय बंदराहून आलेला ख्रिस्ती झालेला चिनी होता. आई मारिया हेरोनिमा ही देशी स्त्री. ता. ४ मार्च १६६३ रोजीं पारियान येथील देवळांत मुलीचा बाप्तिस्मा झाला. या दांपत्यास आठ मुलें झालीं, त्यांपैकीं ही थोरली तेवढी जगली. ज्यांनीं सात लेंकरें मातीआड केलीं, त्यांना उरलेल्या एकुलत्या एका मुलीचें लग्न लवकर व्हावें, घरांत नातवंडें खेळावीं, असें वाटलें तर त्यांत नवल तें काय? त्यांना दोष देण्यास आम्ही तरी धजत नाहीं.

इग्नासिया २१ वर्षांची झाली तेव्हां, म्हणजे १६८४ सालीं, लग्नाचा विषय निघाला. तिचें मन मात्र दुसरीकडे ओढ घेत होतें. आईबापांचें मन मोडवेना आणि देवाची हांकही टाळवेना, अशा पेचांत ती येशूसंघाचे फादर पाउल क्लाइन यांजकडे सल्ल्यासाठीं गेली. हे फादर बोहेमिया देशाचे. दोनच वर्षांपूर्वीं मनिलास आलेले. (पुढें १७१२ सालीं, जेथें वैद्य मिळत नाहीं अशा ठिकाणच्या लोकांसाठीं सोप्या औषधोपचारांचें एक पुस्तक त्यांनीं छापिलें. गरिबांच्या अडचणींकडे त्यांची दृष्टि कशी होती तें यावरून दिसतें.) त्यांनीं स्वतः निवाडा न देतां मुलीला संत इग्नासियांच्या आध्यात्मिक साधनेस बसविलें. त्या एकांतांतून ती उठली ती निश्चय करूनच: देवाची सेवा करावयाची, आणि पोट भरावयाचें तें आपल्या निढळाच्या घामानें.

येथें एक अडचण वाचकांनीं ध्यानांत घेतली पाहिजे. अशी इच्छा असलेल्या मुलीनें मठांत जावें, असें आज आपण सहज म्हणूं. परंतु १६२१ सालीं स्थापन झालेल्या सांता क्लारा मठाचें द्वार स्पॅनिश स्त्रियांसाठीं होतें. देशी रक्ताच्या स्त्रीस तें बहुधा बंदच असे. ज्या मिशनरींनीं या लोकांना एकाच पित्याचीं लेंकरें म्हणून बाप्तिस्मा दिला, त्यांच्याच काळीं अशी भिंत उभी असावी, ही गोष्ट आम्हांस खेदाची वाटते. इग्नासियेनें या भिंतीशीं भांडण मांडलें नाहीं. एक सुई आणि एक कात्री एवढेंच बरोबर घेऊन तिनें घर सोडिलें, व येशूसंघाच्या कॉलेजामागील एका घरांत ती एकटीच राहूं लागली.

थोड्याच दिवसांत इतर स्त्रियाही येऊन मिळाल्या. त्यांत त्यांची भाची क्रिस्तिना गोन्सालेस हीही होती. येशूसंघाच्या देवळांत मिस्सा ऐकणें, पापनिवेदन करणें व बाकीचा वेळ शिवणकाम आणि कष्ट, असा त्यांचा नेम. लोक त्यांना येशूसंघाच्या बेआता, म्हणजे व्रतस्थ भगिनी, म्हणूं लागले. उत्पन्न असें कांहींच नव्हतें. हातच्या कामाचे जे पैसे येत ते, आणि कोणा भाविकानें दिलेली भिक्षा, यांवर सारें चाले. पुष्कळ वेळां ताटांत भात आणि मीठ एवढेंच असे. चूल पेटविण्यास जळण नसलें म्हणजे या भगिनी रस्तोरस्तीं काटक्या वेंचीत हिंडत. आपल्या गांवांतील कित्येक मायबहिणींना हें चित्र निराळें समजावून सांगावयास नको.

आरंभीं मदर इग्नासियांचीं प्रायश्चित्तें फार कडक होतीं; जड क्रूस पाठीवर घेऊन त्या दुःखसहन करीत. संतांच्या चरित्रांत अशा गोष्टी वाचून आपण स्तिमित होतों, पण आम्हांस त्याहून थोर वाटते ती पुढील गोष्ट. भगिनींची संख्या वाढली, शिकण्यास मुली येऊं लागल्या, तेव्हां केवळ देहदंडावर घर उभें राहत नाहीं, त्याला नियम, वेळापत्रक आणि परस्परप्रेम लागतें, हें त्यांनीं ओळखिलें. १७२६ सालीं संस्थेचे नियम लिहून झाले, व १७३२ सालीं आर्चबिशपांच्या कचेरींतून त्यांस मान्यता मिळाली. स्पॅनिश, देशी व मिश्र, सर्व जातींच्या मुली त्यांच्या घरीं शिकत. बायकांसाठीं साधनेचे दिवस ठेवले जात, व भगिनी त्यांची तयारी करून घेत. जें द्वार त्यांना स्वतःला बंद होतें, तसें आपल्या घराला त्यांनीं ठेविलें नाहीं.

नियम मंजूर होतांच मदर इग्नासियांनीं कारभार दुसऱ्या भगिनीच्या हातीं सोंपविला आणि आपण साधी भगिनी होऊन राहिल्या. जिनें घर उभारिलें तिनेंच त्या घरांत दुसरीची आज्ञा पाळावी, हें बोलावयास सोपें आहे. सोळा वर्षें त्यांनीं तें आचरिलें. ता. १० सप्टेंबर १७४८ रोजीं इंत्रामुरोसमधील सान इग्नासियो देवळांत, पवित्र कोम्युनियन घेतल्यावर वेदीच्या कठड्याजवळच त्यांनीं देह ठेविला. तेव्हां त्यांचें वय ८५ वर्षांचें होतें. दुसऱ्याच वर्षीं फादर पेद्रो मुरिल्यो वेलार्दे यांनीं आपल्या इतिहासग्रंथांत त्यांची हकीकत नोंदविली. १७३४ चा फिलिपाईन्सचा प्रसिद्ध नकाशा काढणारे ते हेच.

१७५५ सालीं स्पेनच्या राजानें या घरास आपलें संरक्षण दिलें. परंतु खरी कसोटी १७६८ सालीं आली. राजाज्ञेनें येशूसंघाचे सर्व फादर त्या बेटांतून हद्दपार झाले. ज्यांच्या देवळांत मिस्सा, ज्यांच्या मार्गदर्शनानें साधना, तेच गेले! तरी त्या देशी बायकांचें घर मोडलें नाहीं. फादर परत आले ते १८५९ सालीं. तोंवर सुमारें नव्वद वर्षें भगिनींनीं मुलींना शिकविलें आणि प्रार्थनेचा नेम सोडिला नाहीं. १८७५ सालीं त्यांतील कांहीं भगिनी मिंदानाव बेटांत तामोंताका येथें गेल्या, व गुलामगिरींतून पैसे देऊन सोडविलेल्या मुलींना त्यांनीं सांभाळिलें. कुमारी मरियेच्या नांवानें ही संस्था आजही चालू आहे. १९४८ सालीं, म्हणजे मदर इग्नासियांच्या मृत्यूस २०० वर्षें भरलीं त्या सालीं, रोमहून तिला कायमची मान्यता मिळाली. आणि २००७ सालीं पोप १६ वे बेनेडिक्ट यांनीं मदर इग्नासियांना ‘पूजनीय’ ही पदवी दिली.