थरथर सगळी सारखी नसते, हे दाखवून देणारे डॉ. शार्को

म्हाताऱ्या माणसाचे हात थरथरू लागले की वय झालं म्हणायचं आणि सोडून द्यायचं. पॅरिसच्या डॉ. ज्याँ-मार्तँ शार्को यांनी ते सोडून दिलं नाही.

शार्को यांचा जन्म १८२५ चा. वडील घोडागाड्या बनवायचे. १८६२ मध्ये शार्को साल्पेत्रिएर रुग्णालयात एका विभागाचे प्रमुख झाले. बंदुकीच्या दारूच्या जुन्या कारखान्याच्या जागेवरचं हे रुग्णालय म्हणजे निराधार, लुळ्या, फिट येणाऱ्या हजारो बायकांचा आसरा होता. शार्को त्याच बायकांना वर्षानुवर्षं तपासत राहिले. एखादी दगावली की तिचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू तपासून जिवंतपणीच्या त्रासाशी ताडून पाहायचे.

त्यातून कळलं, की काहींचा हात मांडीवर निवांत असतानाच थरथरतो, तर काहींचा पेला उचलायला गेलं की. हे दोन वेगळे आजार. विद्यार्थ्यांना लांबून दिसावं म्हणून ते बायकांच्या टोपीला लांब पिसं लावायचे!

पहिल्या आजाराचं वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्येच केलं होतं, पण त्याला लकवा म्हटलं होतं. शार्को म्हणाले, हा लकवा नाही. अंगातली ताकद जात नाही, हालचाल मंद आणि ताठर होते, काहींना तर थरथर नसतेच. त्यांनीच या आजाराला पार्किन्सन यांचं नाव दिलं. आपण त्याला कंपवात म्हणतो.

औषध मात्र जेमतेमच होतं. लांबच्या रेल्वे प्रवासानंतर पेशंटला बरं वाटतं, हे ऐकून शार्को यांनी चक्क हादरे देणारी खुर्ची करून घेतली.

एका बाबतीत ते चुकलेच. हिस्टेरियाच्या बायकांना संमोहित करून ते भरल्या सभागृहात दाखवायचे. काय करून दाखवायचं हे त्या बायका हळूहळू शिकल्या होत्या, असा आक्षेप पुढे आला. त्यांचेच शिष्य बाबिन्स्की यांनी नंतर त्यातलं बरंच खोडून काढलं. पण हा आजार पुरुषांनाही होतो, हे शार्को यांनी ठामपणे मांडलं होतं. १८८५ मध्ये त्यांच्याकडे शिकायला आलेले फ्रॉइड इथूनच मनाच्या आजारांकडे वळले.

शार्को १८९३ मध्ये वारले. कंपवातावर खरं उपयोगी पडणारं लेव्होडोपा १९६० च्या दशकात आलं. डॉक्टर मात्र अजूनही पेशंटला आधी हात मांडीवर ठेवून बसायला सांगतात आणि मग पुढे करायला लावतात.