थोरांची ओळख : गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी



भोपाळहून आपण पुण्याच्या किंवा नागपूरच्या आजी-आजोबांना फोन लावतो. स्पीकरमधून आलेला त्यांचा आवाज आपल्या माइकमध्ये शिरतो आणि त्यांचेच बोलणे त्यांना पुन्हा ऐकू येऊ शकते. हा प्रतिध्वनी काढून टाकतो तो ॲडॅप्टिव्ह फिल्टर. तो प्रतिध्वनीचा अंदाज बांधतो, तो वजा करतो आणि उरलेली चूक पाहून स्वतःला सुधारतो. गोंगाट दाबणाऱ्या हेडफोनमध्येही असेच गणित असते. फिल्टरने लवकर शिकावे कसे, या प्रश्नाशी एका भारतीय गणितज्ञाचे काम जोडलेले आहे. त्यांची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

दामोदर कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. बौद्ध धर्मावर मराठीत लिहिणारे धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. १९१८ मध्ये वडिलांबरोबर ते अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. तेथे नॉर्बर्ट वीनर यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. गोंगाटातून हवा तो संदेश वेगळा काढण्याचे गणित पुढे मांडणारे ते हेच वीनर.

मायदेशी परतल्यावर बनारस आणि अलिगढ येथे शिकवून कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. तेथे असतानाच १९४३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. सतत अनिश्चितपणे बदलणाऱ्या राशीचे, एकमेकांशी संबंध नसलेल्या भागांत विभाजन कसे करावे, हे त्यात होते.

याचा फिल्टरला काय उपयोग? आवाजाचा प्रत्येक क्षण मागच्या क्षणाशी जोडलेला असतो. असा गुंता समोर आला की साधा फिल्टर हळूहळू शिकतो. धागे आधी सुटे केले, तर प्रत्येकाला योग्य तो वेग देता येतो आणि शिकणे लवकर होते. मात्र आवाज बदलला की हे विभाजनही नव्याने करावे लागते. म्हणून त्याच्या जवळ जाणारी, ठराविक आकडेमोडीची सोपी रीत अनेकदा वापरतात. तीही १९७४ मध्ये बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद आणि त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केली.

कोसंबींनंतर काही वर्षांतच फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे हेच विभाजन मांडले. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत त्या दोघांचीच नावे रूढ झाली. कोसंबींचे नाव मागे पडले.

ते मात्र एका विषयात अडकून बसले नाहीत. हजारो प्राचीन नाणी तराजूवर तोलून, झिजेवरून त्यांचा काळ ठरवण्याचा प्रयत्न त्यांनी केला. भर्तृहरीच्या सुभाषितांचे संपादन केले. १९५६ मध्ये भारतीय इतिहासावरचा त्यांचा गाजलेला ग्रंथ आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते १९६२ पर्यंत होते. राहायचे पुण्यात आणि डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करायचे. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

पालकांनाही आम्हांला एक सांगावेसे वाटते. १९४३ मध्ये या लेखाचा उपयोग काय, असे कोणी विचारले असते, तर फोन आणि हेडफोनचे उत्तर कोणालाच देता आले नसते. तेव्हा मुले एखाद्या प्रश्नात रमली, तर त्यांना रमू द्यावे. आणि मित्रहो, पुढे अभियांत्रिकीच्या पुस्तकात कारहुनेन-लोएव्ह ही जोडी भेटेल, तेव्हा त्यांच्याआधी कोसंबी हे नाव वहीत अवश्य लिहा.