सगळ्यात फास्ट इंडियन... न्यूझीलंडचा!

मित्रांनो, आधीच सांगतो, टायटल वाचून कॉलर ताठ करू नका. हा 'इंडियन' आपला नव्हे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचं गाव आहे, तिथे 'इंडियन' नावाची मोटरसायकल बनायची. त्या कंपनीने 1920 साली बनवलेल्या एका 'स्काउट' मॉडेलची आणि तिच्या मालकाची ही गोष्ट आहे. मालकाचं नाव हर्बर्ट जेम्स मन्रो. सगळं जग त्याला बर्ट मन्रो म्हणून ओळखतं.

आपल्या हॉस्टेलच्या बऱ्याच जणांनी 2005 साली आलेला 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' हा सिनेमा पाहिलाय. कोणाच्या ना कोणाच्या हार्ड डिस्कवर तो असतोच. अँथनी हॉपकिन्सने त्यात धमाल केलीय. पण सिनेमात सगळं एकाच ट्रिपमध्ये उरकलंय. म्हातारा अमेरिकेला जातो, रेकॉर्ड करतो, परत येतो. खरी गोष्ट चाळीसहून जास्त वर्षांची आहे आणि इंजिनीअरिंगच्या पोरांसाठी सिनेमापेक्षा खूप जास्त इंटरेस्टिंग आहे.

बर्टचा जन्म 25 मार्च 1899 चा, न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाला असलेल्या इन्व्हरकार्गिल गावचा. जन्माच्या वेळी त्याची जुळी बहीण दगावली. हा पोरगाही दोन वर्षांपेक्षा जास्त जगायचा नाही असं डॉक्टरांनी आईवडिलांना सांगून टाकलं होतं. (डॉक्टरांचं आणि बर्टचं पुढेही कधी जमलं नाही, ते नंतर येईलच.) घरची शेती होती. शेतावरचा सगळ्यात जोरात पळणारा घोडा कोणता, हे शोधून हा त्याच्यावर बसायचा आणि वडील वैतागायचे. मग ट्रेन, मग मोटारी, मग मोटरसायकल. पहिलं महायुद्ध संपल्यावर वडिलांनी शेती विकली तेव्हा तो काही काळ ओटिरा बोगद्याच्या कामावर होता. वडिलांनी नवीन शेत घेतलं आणि त्याला परत बोलावलं.

1920 साली त्याने नवी कोरी इंडियन स्काउट घेतली. इंजिन 600 सीसीचं, व्ही-ट्विन, साइड व्हॉल्व्ह. टॉप स्पीड ताशी 55 मैल, म्हणजे साधारण 88 किलोमीटर. आज आपल्या पार्किंगमधली कुठलीही 125 सीसीची गाडी तिला सहज मागे टाकेल. बर्टने ती मरेपर्यंत सोडली नाही असं लिहिणार होतो, पण ते थोडं फिल्मी होईल. शेवटी त्याने ती विकली. पण त्याआधी त्याने तिचं काय काय केलं ते ऐका.

1926 च्या सुमारास त्याने ती उघडली आणि त्यानंतर ती कधी पूर्ण बंद झालीच नाही म्हणायला हरकत नाही. त्याच्याकडे डिग्री नव्हती, पैसे नव्हते, कुठल्याही कंपनीचा सपोर्ट नव्हता. पोटापाण्यासाठी तो मोटरसायकलींचा सेल्समन आणि मेकॅनिक होता. दिवसभर नोकरी आणि रात्री शेडमध्ये काम. पिस्टन पाहिजे? जुने पिस्टन वितळवायचे आणि रिकाम्या पत्र्याच्या डब्यांचे साचे करून त्यात नवीन ओतायचे. सिलिंडरचं बॅरल पाहिजे? गॅसच्या लाइनचा टाकून दिलेला बिडाचा पाइप आणायचा. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या ॲक्सलच्या स्टीलमधून कापून, घासून, हीट ट्रीटमेंट देऊन काढले. फ्लायव्हील घरी केलं. कॅम कानशीने घासून आकाराला आणले. आणि मायक्रोमीटर? चाकाची एक जुनी तार! आपल्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये व्हर्निअरचा झिरो एरर काढताना आपण जी तोंडं करतो, ती आठवा जरा.

आता थोडं टेक्निकल. कंटाळू नका, जर्नलमध्ये लिहायचं नाहीये.

साइड व्हॉल्व्ह इंजिनमध्ये व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी उभे असतात. म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण खालून वर येतं, वळतं आणि मग सिलिंडरवर पसरतं. ज्वलनाची जागा त्यामुळे पसरट होते, कॉम्प्रेशन जास्त वाढवता येत नाही आणि जास्त आरपीएमला इंजिनला श्वासच पुरत नाही. बर्टने स्वतःची हेड्स बनवून ते इंजिन ओव्हरहेड व्हॉल्व्हचं करून टाकलं. मूळच्या दोन कॅमच्या जागी चार कॅमची रचना बसवली. वाढलेली ताकद मूळच्या क्लचला झेपेना, म्हणून सतरा प्लेटचा क्लच केला. चेन एक पुरेना, म्हणून तिपदरी केली. एक गोष्ट वाढवली की पुढची तुटते, ती वाढवली की त्याच्या पुढची! हे चक्र त्याने चाळीस वर्षं चालवलं.

आणि हे करावंच लागतं, कारण हवा कोणाला सोडत नाही. फ्लुइड मेकॅनिक्सवाले सर सांगतात तेच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून लागणारी पॉवर वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. बर्टने शेवटी गाडीचा वेग मूळच्या सव्वातीन पटीच्याही वर नेला. त्याचा घन काढा, अडतीसच्या आसपास येतो. म्हणजे गाडीचा आकार तोच ठेवला असता तर नुसती हवा कापायलाच अडतीसपट ताकद लागली असती. इंजिन मात्र 600 चं 950 सीसी झालं होतं, दीडपटीपेक्षा थोडं जास्त. उरलेला सगळा फरक त्याने कॉम्प्रेशन, आरपीएम आणि गाडीवर चढवलेल्या लांबट, माशासारख्या कवचातून भरून काढला. ते कवचही त्याने घरीच बनवलं. तळ्यातला गोल्डफिश बघून त्याला तो आकार सुचला अशी कथा आहे. खरी असो नसो, बघून पटते.

फुटलेले पार्ट तो फेकायचा नाही. शेडमध्ये एक फळी होती, तिच्यावर वितळलेले पिस्टन, तुटलेले रॉड, फाटलेले बॅरल ओळीने मांडलेले असायचे. वेगाच्या देवाला दाखवलेला नैवेद्य, असा बोर्डच त्याने वर लावला होता! 1971 साली रॉजर डोनाल्डसनने त्याच्यावर डॉक्युमेंटरी केली, तिचं नाव याच बोर्डवरून घेतलं. पुढे 2005 चा सिनेमाही त्यानेच काढला.

आपल्याकडे अशा माणसाला लगेच 'जुगाडू' म्हणतात. मला हे पटत नाही. जुगाड म्हणजे आजचं काम उद्यावर ढकलणं. तार बांधली, चाललं, विषय संपला. बर्टचे कनेक्टिंग रॉड घडवण्यात महिनेच्या महिने जायचे, आणि पहिल्याच रनमध्ये तुटले की तो तुटलेला तुकडा बघून कारण शोधायचा आणि परत सुरुवात करायचा. हत्यारं गरिबाची होती, पण पद्धत पक्की इंजिनीअरची होती.

पण एक गोष्ट सिनेमात जवळजवळ दिसतच नाही. बर्टचं लग्न झालं होतं, चार मुलं होती. 1940 च्या दशकात नवरा-बायको वेगळे झाले. नंतर तो गाडीच्या गॅरेजमध्येच राहायला लागला. तिथेच पलंग, तिथेच लेथ, तिथेच चहा. सिनेमात हे मस्त वाटतं, आणि आमच्या रूममध्ये सिनेमा संपल्यावर दोघातिघांनी असंच आयुष्य पाहिजे म्हणून जाहीरही केलं. मला नाही वाटत. रोज रात्री भट्टीपाशी बसणाऱ्या माणसाच्या घरी चार पोरांना कोण बघत होतं, हा प्रश्न कोणी विचारला नाही. त्या बाईंचं नाव बेरिल. त्यांच्यावर कोणी सिनेमा काढला नाही.

वेगाची टेस्ट करायला इन्व्हरकार्गिलजवळ ओरेटी बीच होता. लांबलचक, ओली, घट्ट वाळू. 1940 मध्ये त्याने ताशी 120.8 मैलांचा न्यूझीलंडचा रेकॉर्ड केला. 1957 मध्ये तिथल्या बीचचा रेकॉर्ड 131.38 मैल, म्हणजे 211 किलोमीटरच्या वर. पण बीचवर भरती-ओहोटी असते आणि पट्टा कधी ना कधी संपतो. खरी जागा एकच, अमेरिकेच्या युटा राज्यातलं बॉनव्हिल. वाळून गेलेल्या तलावाचं मीठ, पांढरंशुभ्र, मैलोन्‌मैल सपाट. वेगवेड्यांची पंढरीच ती. कस्टम गाड्या, हॉट रॉड, घरच्या गॅरेजमध्ये जोडलेले राक्षस, सगळे तिथे जमतात. 1948 मध्ये रोली फ्री नावाचा माणूस फक्त पोहायची चड्डी घालून, व्हिन्सेंट मोटरसायकलवर पालथा आडवा होऊन तिथे दीडशे मैलांच्या वर गेला होता. तो फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. असल्या मंडळींशी पुढे बर्टची दोस्ती झाली आणि त्यांनी त्याला मदतही केली.

बर्ट तिथे एकूण दहा वेळा गेला, पहिल्यांदा नुसता बघायला. 1962 मध्ये तो मालवाहू जहाजाने गाडी घेऊन अमेरिकेत पोचला, तिथे एक जुनी स्टेशन वॅगन स्वस्तात घेतली आणि तिच्या मागे ट्रेलर लावून मिठावर दाखल झाला. वय 63! आपल्याकडे या वयात लोक पेन्शनच्या फाइली बघतात.

मिठाची आणखी एक गंमत. ती जागा समुद्रसपाटीपासून सव्वाचार हजार फुटांच्या आसपास उंच आहे. हवा विरळ, म्हणून विरोध कमी. पण तीच विरळ हवा इंजिनातही जाते, म्हणजे ताकदही कमी. समुद्राकाठी सेट केलेला कार्ब्युरेटर तिथे जास्त पेट्रोल पाजतो. त्यातून मीठ ओलं असेल तर चाक घसरतं. म्हणजे घरी चाळीस वर्षं केलेली ट्यूनिंग तिथे जाऊन परत करायची.

त्या वर्षी 850 सीसीच्या इंजिनवर त्याने 883 सीसी वर्गात ताशी 178.95 मैलांचा, म्हणजे 288 किलोमीटरचा रेकॉर्ड केला. 1966 मध्ये वरच्या वर्गात 168 मैल. आणि मग ऑगस्ट 1967. इंजिन 950 सीसी, गाडीचं वय 47, आजोबांचं वय 68. एका दिशेच्या क्वालिफाइंग रनमध्ये तो 190.07 मैलांवर, म्हणजे जवळजवळ 306 किलोमीटरवर गेला. अधिकृत रेकॉर्ड मात्र दोन उलट दिशांच्या रनच्या सरासरीवर धरतात, म्हणजे वाऱ्याचा फायदा कोणाला मिळू नये. तो 183.586 मैल लागला. 1000 सीसीच्या आतल्या त्या वर्गाचा जागतिक रेकॉर्ड!

हे काही गुळगुळीत झालं नाही. त्या वर्षीच्या एका रनमध्ये अर्ध्यावर गेल्यावर गाडी डुलायला लागली. वेग कमी करायला बर्ट कवचाच्या बाहेर डोकं काढून ताठ बसला. वाऱ्याने गॉगल उडवून नेला. डोळ्यांवर इतका दाब आला की दिसायचंच बंद झालं. खुणेच्या काळ्या रेषेपासून तो इतका भरकटला होता की एक लोखंडी खांब थोडक्यात चुकला. शेवटी त्याने गाडी मुद्दाम आडवी पाडली. थोडंफार खरचटलं, बाकी काही नाही. आपण एनफिल्डवरून घाटात एकदा घसरलो की वर्षभर स्टोरी सांगतो.

1970 च्या दशकात छातीचं दुखणं वाढलं आणि डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलं. यावेळी त्याने ऐकलं. दोन्ही गाड्या, ती स्काउट आणि जिच्यावर तो इतकीच मेहनत घ्यायचा ती 1936 ची व्हेलोसेट, त्याने गावातल्याच हार्डवेअर दुकानदाराला, नॉर्मन हेझला विकल्या, म्हणजे त्या गावाबाहेर जाऊ नयेत. 6 जानेवारी 1978 रोजी बर्ट गेला. दोन वर्षं जगेल की नाही म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या हिशेबाला 78 वर्षांनी पूर्णविराम मिळाला.

हिशेबावरून आठवलं. 1967 च्या रेकॉर्डमधला एक हिशेब चुकला होता. दोन रनचे आकडे होते 184.710 आणि 183.463. यांची सरासरी काढा बघू, कॅल्क्युलेटर नको. 184.087 येते ना? रेकॉर्ड मात्र 183.586 म्हणून लागलेला! बर्टचा मुलगा जॉन, त्याच्या हे लक्षात आलं. 2014 मध्ये, म्हणजे वडील जाऊन 36 वर्षांनी, अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने आकडा दुरुस्त केला. अर्धा मैल वाढला.

गाडी आजही इन्व्हरकार्गिलला हेझच्या दुकानात आहे. म्युझियम नाही, चक्क हार्डवेअरचं दुकान. लोक खिळे, रंग, स्पॅनर घ्यायला येतात आणि मध्येच ती लांबट लाल गाडी उभी असते. 2006 पासून गावात त्याच्या नावाने मोटरसायकलच्या शर्यती भरतात आणि त्यातली एक शर्यत ओरेटी बीचवरच होते, त्याच ओल्या वाळूवर.