जॉन टिंडल

जॉन टिंडल (२ ऑगस्ट १८२० – ४ डिसेंबर १८९३) हे आयर्लंडमध्ये जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ होते. प्रकाशतंतूंद्वारे (ऑप्टिकल फायबर) होणाऱ्या संदेशवहनाच्या इतिहासात त्यांचे नाव आरंभीच येते.

कार्लो परगण्यातील एका पोलीस शिपायाचे ते पुत्र. १८३९ मध्ये ते भूमापन खात्यात नकाशे काढण्याच्या कामावर लागले. आयरिश मदतनिसांच्या तुटपुंज्या वेतनाविरुद्ध आवाज उठवल्यामुळे १८४३ मध्ये ही नोकरी गेली. पुढे लोहमार्गांची मोजणी करून त्यांनी पैसे साठवले, काही काळ अध्यापन केले आणि १८४८ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, जर्मनीतील मारबुर्ग विद्यापीठ गाठले. तेथे रॉबर्ट बुन्सेन यांची व्याख्याने ऐकत १८५० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रबंध मळसूत्री पृष्ठांच्या भूमितीवर होता. प्रकाशाशी त्याचा संबंध नव्हता.

१८५३ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले. १८५४ मध्ये त्यांनी तेथे पाण्याच्या वाकत्या धारेतून प्रकाशही वाकत जातो, हे श्रोत्यांना दाखवले. पाण्यातील किरण हवेच्या सीमेवर सुमारे ४९ अंशांहून मोठ्या कोनात आदळला, की बाहेर न पडता पूर्णपणे आत परावर्तित होतो. या प्रयोगाचे पहिलेपण अनेक पुस्तके टिंडल यांना देतात, ते योग्य नाही. जिनिव्हाच्या दानिएल कोलादों यांनी तो १८४१ मध्येच केला होता.

टिंडल यांचे प्रकाशतंतूशी खरे नाते त्यांच्या दुसऱ्या संशोधनात आहे. पाण्याची वाफ अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात शोषते, हे त्यांनी १८५९ पासूनच्या मोजमापांतून दाखवले. सूक्ष्म कणांमुळे प्रकाश कसा विखुरतो, याचे प्रयोग १८६९ च्या सुमारास केले. काचेच्या तंतूत संदेश क्षीण होतो तो मुख्यतः याच दोन कारणांनी. काचेत राहिलेला पाण्याचा अंश १३८३ नॅनोमीटरजवळ प्रकाश शोषतो, तर लहान तरंगलांबीचा प्रकाश अधिक विखुरतो. म्हणून दूरच्या संदेशांसाठी १५५० नॅनोमीटरचा अदृश्य प्रकाश निवडला जातो. अमरावती-अकोल्यात या विषयावर पीएच.डी. करू पाहणाऱ्यालाही प्रथम याच क्षयाचा हिशेब मांडावा लागतो.

१८६७ मध्ये टिंडल मायकेल फॅरेडे यांच्या जागी संस्थेचे अधीक्षक झाले. (अकोला, बडनेरा मार्गे जाणारा लोहमार्ग नागपूरला पोहोचला तो याच वर्षी, आता रुळांच्या कडेने प्रकाशतंतू जातात.) १८७२-७३ मधील अमेरिकेतील व्याख्यानांची शिल्लक त्यांनी तेथील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्यांसाठी दिली. निद्रानाशावरील क्लोरल हे औषध पत्नी लुईसा यांच्या हातून चुकून अधिक प्रमाणात दिले गेल्याने त्यांचा मृत्यू झाला.