रामाच्या आईचे नाव : अनंत पै यांचे जीवनकार्य

(बी. ए. भाग २)

गतवर्षी आमच्या महाविद्यालयात प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम झाला. मी प्रथम वर्षाला होतो आणि व्यासपीठावर बसण्याचा तो माझा पहिलाच प्रसंग. दुसऱ्या फेरीत मला थॉर या देवाच्या हातोड्याचे नाव विचारले गेले. प्रश्न पुरा होण्याआधीच मी म्योल्निर असे उत्तर दिले. मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. लगेच पुढचा प्रश्न आला. १९३० च्या जंगल सत्याग्रहात पुसदला कायदेभंग करणारे लोकनायक बापूजी अणे मूळचे कोणत्या गावचे? मी खाली मान घातली. घंटा वाजली. उत्तर होते वणी. आणि मी त्याच वणी तालुक्यातला! ज्या गावच्या बाजाराला बाबांचे बोट धरून लहानपणापासून जात आलो, त्या गावाने दिलेला माणूस मला ठाऊक नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर आमच्या सरांनी मला ग्रंथालयात बोलावले. वाटले, आता बोलणी बसणार. पण सरांनी कपाटातून अमर चित्रकथेचे दोन जुने अंक काढून माझ्या हातात दिले आणि या अंकांचे जनक अनंत पै यांची हकीकत सांगितली. ती ऐकताना माझी फजिती मला एकदम ओळखीची वाटू लागली. म्हणून आज त्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे.

अनंत पै यांचा जन्म १७ सप्टेंबर १९२९ रोजी कर्नाटकातील कार्कळ येथे झाला. मातृभाषा कोकणी. वयाच्या दुसऱ्या वर्षीच आईवडील दोघेही गेले. नातेवाइकांच्या आधाराने वाढलेला हा मुलगा बाराव्या वर्षी मुंबईत आला. तेथेच त्यांचे शिक्षण झाले आणि मुंबई हीच त्यांची कर्मभूमी ठरली. त्यांनी मुंबई विद्यापीठात रसायन व भौतिकशास्त्राचा आणि पुढे रासायनिक तंत्रज्ञानाचा अभ्यास केला. अशी पदवी हाती असलेला तरुण कारखान्यात जाऊन चांगला पगार मिळवता. पण पै यांचा ओढा मुलांच्या वाङ्मयाकडे होता. १९५४ साली त्यांनी 'मानव' नावाचे मुलांचे मासिक काढले. ते चालले नाही. पहिल्याच पावलाला ठेच लागली, तरी त्यांनी वाट बदलली नाही.

पुढे ते टाइम्स ऑफ इंडियाच्या पुस्तक विभागात लागले. १९६४ साली या संस्थेने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. त्या कामात पै यांचा सहभाग होता. परदेशी फँटम आपल्याकडे वेताळ होऊन आला तो याच अंकांतून. आमच्या प्राध्यापकांपैकी कित्येकांनी लहानपणी तो वेताळ अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचला असेल! अंक खपत होते, मुले खूश होती. पण त्या चित्रांतले जंगल आपले नव्हते आणि नायकही आपला नव्हता, ही गोष्ट पै यांना खटकू लागली.

मग १९६७ साल उजाडले. पै दिल्लीला गेले होते. त्या काळी दूरदर्शन दिल्लीतच दिसे. मुंबईला ते १९७२ साली आले. एका दुकानात ठेवलेल्या संचावर प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम चालला होता आणि पै तो पाहत होते. ग्रीक देवांविषयी विचारताच मुलांनी भराभर उत्तरे दिली. मग रामाच्या आईचे नाव विचारले, तेव्हा कोणालाच सांगता येईना. हा प्रसंग पै स्वतः पुढे अनेकदा सांगत. दुसरा कोणी मुलांना नावे ठेवून पुढे गेला असता. पै यांनी मात्र दोष मुलांचा नाही हे ओळखले. ग्रीक देव त्यांच्यापर्यंत गोड रूपात पोचले होते, कौसल्या पोचली नव्हती. ती पोचवण्याचे काम आपणच का करू नये?

त्यांनी नोकरी सोडली. आपली कल्पना घेऊन ते प्रकाशकांकडे गेले, पण नकार मिळत गेला. अखेर इंडिया बुक हाउसचे मिरचंदानी तयार झाले आणि अमर चित्रकथा सुरू झाली. गंमत अशी, की पहिले दहा अंक परदेशी परीकथांचेच होते. आपल्या मातीतली मालिका खरी सुरू झाली ती अकराव्या अंकापासून, आणि तो अंक होता 'कृष्ण'. चित्रे काढली राम वाईरकरांनी. पै विज्ञानाचे पदवीधर. कृष्णाचे चमत्कार चित्रात दाखवावेत की नाही, असा संकोच त्यांना आरंभी वाटला. पण लोकांच्या मनातल्या कृष्णाला गोवर्धनावाचून पूर्णता नाही, हे त्यांनी पुढे मान्य केले.

येथे त्या थॉरची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण तुलनेने पै यांचे वेगळेपण कळते. थॉर हा युरोपच्या उत्तरेकडील लोकांचा मेघगर्जनेचा देव. तेराव्या शतकात आइसलंडमध्ये त्याच्या कथा लिहून ठेवल्या गेल्या. त्यांत तो तांबड्या दाढीचा आहे आणि दोन बोकडांच्या रथातून फिरतो. १९६२ साली अमेरिकेत स्टॅन ली, लॅरी लिबर आणि जॅक कर्बी यांनी त्याला चित्रमालिकेत आणले, तेव्हा दाढी गेली, केस सोनेरी झाले, आणि एक लंगडा डॉक्टर काठी आपटताच थॉर बनू लागला. मूळ कथेत ओडिनचा मानलेला भाऊ असलेला लोकी तेथे थॉरचा दत्तक भाऊ झाला. कर्बी हा न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतला, कपड्याच्या कारखान्यात राबणाऱ्या बापाचा मुलगा. त्याने जुन्या देवाला नव्या शहरात आणून सोडले. त्याची रेषा आजही अंगावर काटा आणते, हे मी मनापासून कबूल करतो. मात्र ज्या देवाला आता फार थोडे लोक भजतात, त्याला असे बदलता येते. पै यांचे देव घरोघरच्या देव्हाऱ्यात बसलेले होते. त्यांना कथा फारशी बदलण्याची मुभा नव्हती. जी गोष्ट आजीला पाठ आहे, तीच नातवाला नवी वाटावी, हे त्यांचे आव्हान होते.

सुरुवातीला विक्री मंदच होती. चित्रांच्या पुस्तकांनी मुले बिघडतात असे मानणारे शिक्षक व पालक पुष्कळ होते. पै शाळांतून फिरले, चित्रकथेतून इतिहास चांगला शिकवता येतो हे पटवीत राहिले. १९७८ साली दिल्लीत शालेय शिक्षणातील चित्रकथेचे स्थान या विषयावर परिसंवादही झाला. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम, विटणकर अशा महाराष्ट्रातील चित्रकारांचे हात या कामाला लागले. पुराणांपासून सुरू झालेली मालिका शिवाजी महाराज, संत, क्रांतिकारक, शास्त्रज्ञ अशी वाढत गेली. चारशेहून अधिक अंक निघाले, वीसच्या आसपास भाषांत ते गेले आणि कोट्यवधी प्रती खपल्या. १९८० साली त्यांनी 'टिंकल' सुरू केले आणि देशभरची मुले त्यांना अंकल पै म्हणू लागली. स्वतःला मूलबाळ नसलेल्या या गृहस्थाला मुलांच्या पत्रांचे ढीग येत.

सरांनी दिलेले अंक मी सुट्टीत गावी नेले. माझे बाबा चौथीपर्यंत शिकले. माय शाळेत गेलीच नाही. कापूस वेचून आल्यावर संध्याकाळी ती माझ्याजवळ बसली आणि पाने उलटू लागली. तिला अक्षर येत नाही, पण कीर्तनात ऐकलेल्या कथा येतात. एकेका चित्रावर बोट ठेवून ती पुढचा प्रसंग आधीच सांगू लागली आणि मी खालची वाक्ये वाचून ताळा करू लागलो. तिचे एकदाही चुकले नाही. माझ्या आठवणीत आम्ही दोघांनी मिळून वाचलेले ते पहिले पुस्तक.

एका पानावर मात्र ती थांबली. तेथे एक राक्षस होता. त्याचा रंग आपल्यासारखाच आहे, असे म्हणून ती हसली. मला हसू आले नाही. दिवसभर उन्हात राबणाऱ्या माणसाचा रंग राक्षसाला आणि गोरा रंग नायकाला, हे कोणी ठरवले? अभ्यासकांनी अमर चित्रकथेवर हा आक्षेप घेतला आहे, आणि तो खोटा नाही. स्त्रिया व दलित-आदिवासी यांना या मालिकेत कमी जागा मिळाली, असेही म्हटले जाते. ज्याच्याविषयी आदर आहे त्याचे उणे झाकून ठेवणे हा खरा आदर नव्हे, म्हणून हे लिहिले. पण दुसरा अंक उघडला तेव्हा त्यात बाबासाहेब आंबेडकर होते. हा अंक १९७९ सालचा, चित्रे दिलीप कदमांची. शाळेत वेगळा बसवलेला, पाण्यासाठी ताटकळलेला मुलगा पुढे देशाची घटना लिहितो, ही कथाही त्याच मालिकेने, त्याच आकाराच्या पानांवर, कृष्णाच्या शेजारी ठेवली. मायने तो अंक दोनदा पाहिला.

१९ फेब्रुवारी २०११ रोजी दिल्लीत भरलेल्या पहिल्या भारतीय कॉमिक संमेलनात पै यांचा जीवनगौरव झाला. पुढे पाचच दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, मुंबईत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा मी अंगणात रांगण्याबागडण्याच्या वयाचा होतो. त्यांचे नाव माझ्यापर्यंत यायला आणखी कितीतरी वर्षे आणि एक फजिती लागली.

थॉर मला आजही आवडतो. त्याचा हातोडा विसरण्याचे काही कारण नाही. दुसऱ्याचे देव ठाऊक असणे ही लाज नव्हेच. पण यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी दोनशे पानी वही घेतली आहे. वणीचे अणे आणि पुसदच्या जंगलात विळा चालवून कायदा मोडणारी माणसे यांची गोष्ट तीत चौकटी आखून काढतो आहे. हात अजून बसलेला नाही, घोड्याचे पाय तर मुळीच जमत नाहीत. वाचून दाखवण्याची गरज पडू नये, चित्रावरूनच मायला सगळे कळावे, एवढीच अट मी स्वतःला घातली आहे. आणि माणसांचे रंग मी आमच्या शेतावरच्या माणसांकडे पाहून भरतो आहे.