पैजेचे गणित मांडणारा जुगारी

व्हेनिसमधील एका प्रतिष्ठिताच्या घरी पत्त्यांचा डाव चालला होता. पंचविशीच्या आसपासचा एक तरुण दोन दिवस सतत हरत होता. जवळचे पैसे संपत आले असताना त्याच्या लक्षात आले की, पत्त्यांवर खुणा केलेल्या आहेत. दार बंद होते आणि घरात यजमानाची शस्त्रधारी माणसे होती. मुकाट्याने हार पत्करायची की जीव धोक्यात घालायचा, याचा निर्णय क्षणार्धात घ्यायचा होता. त्याने खंजीर उपसून यजमानाच्या चेहऱ्यावर वार केला, पैसे गोळा केले आणि तो निसटला. त्याच रात्री पाय घसरून तो पाण्यात पडला. ज्या नावेने त्याला वाचविले, तिच्यात चेहऱ्याला पट्टी बांधलेला तोच यजमान बसलेला होता! आश्चर्य म्हणजे त्याने सूड न घेता तरुणाला कोरडे कपडे दिले आणि दोघे बरोबरच पदुआला गेले.

म्हातारपणी हा प्रसंग आत्मचरित्रात लिहून ठेवणारा तो तरुण म्हणजे जिरोलामो कार्दानो. वैद्य, गणिती, ज्योतिषी आणि अट्टल जुगारी अशी त्याची अनेक रूपे होती.

२४ सप्टेंबर १५०१ रोजी इटलीतील पाविया येथे त्याचा जन्म झाला. वडील फात्सिओ हे वकील आणि भूमितीचे जाणकार होते. खुद्द लिओनार्दो दा विंचीही भूमितीबाबत त्यांचा सल्ला घेत असे. मात्र, आईवडिलांचा विवाह झालेला नसल्याने अनौरसपणाचा शिक्का कार्दानोवर जन्मभर राहिला. पदुआ येथे वैद्यकाची पदवी मिळवूनही मिलानच्या वैद्यमंडळाने याच कारणास्तव त्याला अनेक वर्षे दाराबाहेर ठेवले. विद्यार्थिदशेत त्याला जुगारानेच पोसले होते. प्रपंच सुरू झाल्यावर मात्र त्याच जुगाराने त्याला बुडविले. १५३१ साली लग्न झाले आणि पुढील दोन-तीन वर्षांतच पत्नीचे दागिने आणि घरातील सामानसुमान डावावर गेले. पती-पत्नीला मिलानच्या अनाथ-निराधारांच्या आश्रयगृहात राहण्याची वेळ आली.

त्या काळी इटलीत प्रिमेरो हा पत्त्यांचा खेळ लोकप्रिय होता. आजच्या पोकरचा तो एक पूर्वज मानला जातो. प्रत्येकाच्या हाती चार पाने. ती इतरांपासून लपवून पैज लावायची, समोरच्याने वाढविलेली पैज स्वीकारायची किंवा पाने टाकून बाजूला व्हायचे. फासा सर्वांदेखत पडतो, पत्ते मात्र दबा धरून बसलेले असतात, हा फरक कार्दानोने नेमका ओळखला होता. त्यामुळे पत्त्यांच्या खेळात नशिबाइतकेच निर्णयाला महत्त्व आहे, असे त्याचे मत बनले.

या अनुभवांतून त्याने जुगारावर एक छोटा ग्रंथ लिहिला. दोन फासे ३६ प्रकारे आणि तीन फासे २१६ प्रकारे पडू शकतात, हे त्याने मांडले. अनुकूल शक्यतांचे एकूण शक्यतांशी असलेले प्रमाण पाहूनच पैज ठरवावी, तरच ती न्याय्य ठरते, हे तत्त्वही त्याने सांगितले. परंतु, हा ग्रंथ केवळ आकडेमोडीचा नाही. प्रतिस्पर्धी कोण आहे, भोवतालचे बघे कोणाच्या बाजूचे आहेत, रक्कम किती आहे, या साऱ्यांत समानता असल्याखेरीज खेळायला बसू नये, असे तो बजावतो. जुगाऱ्याचा सर्वांत मोठा लाभ मुळीच न खेळण्यात आहे, हाही त्याचाच निष्कर्ष!

हा निष्कर्ष त्याला स्वतःला मात्र पाळता आला नाही. बुद्धिबळावर चाळीसहून अधिक आणि फाशांवर सुमारे पंचवीस वर्षे आपण घालविली, याची लाज त्याने आत्मचरित्रात उघडपणे व्यक्त केली आहे.

पुढे कीर्ती लाभली. १५४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'आर्स माग्ना' या ग्रंथामुळे त्रिघाती आणि चतुर्घाती समीकरणांची उत्तरे जगापुढे आली. १५५२ साली स्कॉटलंडच्या आर्चबिशपवर उपचार करण्यासाठी त्याला सन्मानाने बोलावण्यात आले. घरातील दुर्दैव मात्र टळले नाही. थोरला मुलगा जामबातिस्ता याने पत्नीला विष दिले. तडजोडीसाठी सुनेच्या माहेरच्यांनी मागितलेली रक्कम कार्दानोच्या आवाक्याबाहेरची होती. १५६० साली मुलाला देहदंड झाला. धाकटा आल्दो बापाच्याच वळणावर जाऊन जुगारी बनला. त्याने घरातील पैसे आणि दागिने चोरले, तेव्हा १५६९ साली कार्दानोने स्वतः तक्रार नोंदविली आणि मुलाला बोलोन्यातून हद्दपार करण्यात आले. एकेकाळी पत्नीचे दागिने डावावर लावणाऱ्या बापाला हा निर्णय किती जड गेला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

१५७० साली धर्मन्यायालयाने पाखंडाच्या आरोपावरून त्याला कैद केले. सुटकेनंतर तो रोमला गेला आणि २१ सप्टेंबर १५७६ रोजी तेथेच त्याचे निधन झाले. जुगारावरील ग्रंथ त्याच्या हयातीत छापला गेला नाही. तो १६६३ साली प्रकाशित झाला, तोवर पास्कल आणि फर्मा यांच्या १६५४ मधील पत्रव्यवहाराने संभाव्यताशास्त्राची पायाभरणी करून टाकली होती. कोणत्या पानावर किती पैज लावावी, याचे गणित मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांत कार्दानोची गणना होते. डावावरून कधी उठावे, हे त्याला ठाऊक होते. उठणे मात्र जमले नाही.