निरक्षरांचे सोबती : डॉ. फ्रँक लॉबाक

प्रौढ निरक्षर मनुष्य अडाणी असतो, असे समजणे बरोबर नाही. शेती, बाजारहाट, घरसंसार ही सारी कामे तो चोख करतो. परंतु सावकाराने कागद पुढे केला, की त्यात काय लिहिले आहे हे न कळताच त्यास अंगठा उठवावा लागतो. आपणांस वाचता येत नाही याची त्याला लाज वाटते, आणि ती लाजच त्याला पाटीपासून दूर ठेवते. ही गोष्ट ज्यांनी नीट ओळखली, त्यांपैकी एक डॉ. फ्रँक लॉबाक हे होत.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील बेंटन या लहानशा गावी २ सप्टेंबर १८८४ रोजी त्यांचा जन्म झाला. १९१५ मध्ये ते ख्रिस्ती धर्मोपदेशक म्हणून फिलिपाइन्स बेटांत गेले. त्या वेळी तेथे अमेरिकेची सत्ता होती. पुढे १९२९ च्या सुमारास ते मिंदानाओ बेटावरील लानाओ सरोवराच्या काठी राहू लागले. तेथील मारानाओ लोक धर्माने मुसलमान. अमेरिकन सैन्याशी ते पूर्वी लढले होते, त्यामुळे या परक्या उपदेशकाविषयी त्यांच्या मनात संशय होता. त्यांच्याशी कोणी मोकळेपणाने बोलेना.

सायंकाळी लॉबाक घरामागच्या टेकडीवर एकटेच जाऊन बसत. या लोकांना आपण मनातून कमी लेखतो आणि ते त्यांना कळते, हे तेथे त्यांच्या ध्यानी आले. मग ते स्वतःच विद्यार्थी झाले. तेथील धर्मपंडितांकडे जाऊन त्यांनी कुराण शिकविण्याची विनंती केली. पंडित आनंदाने पोथ्या घेऊन त्यांच्या घरी जमले. तेथपासून मने जुळू लागली.

मारानाओ भाषेत गाणी व कथा विपुल होत्या. परंतु ती अरबी लिपीत वाचू शकणारे फारच थोडे. लॉबाक आणि त्यांचे फिलिपिनी सहकारी दोनातो गालिया यांनी रोमन अक्षरांत ती लिहिण्याची सोपी पद्धत बसविली. ‘मलाबांगा’, ‘कारातासा’ आणि ‘पागानादा’ असे तीन शब्द त्यांनी निवडले. पहिले एका गावाचे नाव, दुसऱ्याचा अर्थ कागद, तिसऱ्याचा शिकणे. या तीन शब्दांत मिळून बारा निरनिराळी व्यंजने येतात. तोंडात रोज घोळणारे शब्द कागदावर ओळखू आले, की शिकणाऱ्याचा चेहरा उजळे. शिक्षकाने त्याच्या शेजारी बसावे, चूक झाली तरी रागावू नये, असा लॉबाक यांचा दंडकच होता. शिकलेल्यांना वाचावयास काही हवे, म्हणून त्यांनी मारानाओ भाषेत वर्तमानपत्रही काढले.

इतक्यात संकट आले. अमेरिकेतील मंदीमुळे १९३२ च्या सुमारास मदतीचा ओघ आटला. पगारी शिक्षकांना निरोप देण्याची पाळी आली. तेव्हा दागालांगित नावाचे मारानाओ सरदार पुढे सरसावले. ज्याला वाचता येते त्याने दुसऱ्याला शिकविलेच पाहिजे. न शिकवील त्याला आपण ठार करू, असे त्यांनी बजावले! धमकी भयंकर खरी, पण तिच्यामागची कळकळ लोकांना कळली. शेतकरी, कोळी, गृहिणी असे सारेच शिक्षक झाले. काल ज्याला अक्षर ठाऊक नव्हते, तो आज शेजाऱ्याला शिकवू लागला. एकाने एकास शिकविण्याची ही रीत पुढे देशोदेशी गेली. आमच्या मते तिचे निम्मे श्रेय तरी त्या उग्र सरदाराला दिले पाहिजे.

१९३५ पासून लॉबाक अनेकदा भारतात आले. वर्धा येथे ते गांधीजींना भेटले. केवळ अक्षरओळखीने खेड्यांचे कल्याण होईल का, याविषयी गांधीजी प्रथम साशंक होते. लॉबाक मात्र ठिकठिकाणच्या कार्यकर्त्यांबरोबर बसून निरनिराळ्या भाषांचे पाठ तयार करीत राहिले. पुढील आयुष्यात ते शंभराहून अधिक देशांत हिंडले आणि तीनशेहून अधिक भाषांतील पाठ तयार करण्यास त्यांचा हातभार लागला.

११ जून १९७० रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, ते निवर्तले. १९८४ मध्ये त्यांच्या जन्मास शंभर वर्षे झाली, तेव्हा अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांचे चित्र असलेले तिकीट काढले.